वजनदार सासूबाई

मरीन परेड, सिंगापूर
२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
कुमुदचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहिते. कोथरूडचं घर मोडून यशकडे आले त्याला वर्ष झालं. सूनबाई लुसिया माद्रिदची, त्यामुळे घरात स्पॅनिशच चालतं. नात अवनीही तेच बोलते. मी क्लास लावलाय. हवापाणी, भाजीपाला एवढं जमतं, पण जेवताना दोघं भरभर बोलायला लागली की माझी पाटी कोरी. यश म्हणतो, सफाईने बोलायला लागलीस की तू खरी घरातली. म्हणून जिवाचं रान करतेय.

एक गंमत सांगते. लुसिया माझ्याबद्दल सारखी ‘पेसादा’ म्हणते. शब्दकोशात पाहिलं, तर जड, वजनदार! सासूला वजनदार म्हणणारी सून तुमच्या सांगलीत मिळेल का?

स्मितावहिनींना नमस्कार. तुझी माया आहेच.
कुमुद

सांगली
१९ फेब्रुवारी २०२४

चि. कुमुदला अ. उ. आ.

पत्र वाचून स्मिता पोट धरून हसली. तुझं वजन आम्हाला झोपाळ्याच्या कड्या तुटल्या तेव्हाच कळलं होतं. शाळेत संस्कृतला काठावर पास होणारी तू, या वयात स्पॅनिश काय बोलणार? तरी शीक. तिथे तुझं बस्तान बसलं की आम्हालाही घोर नाही. जेवताना गप्प बसून ऐकत जा, उगाच बोलून हसं करून घेऊ नकोस.

तब्येतीला जप.
चारुदत्त

मरीन परेड
६ एप्रिल २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दादा, मला स्पॅनिश आली. खालच्या मजल्यावर पेरू देशाच्या एक बाई राहतात, त्यांच्याशी रोज बोलून बोलून आली. आता मनात आधी मराठी करावं लागत नाही. त्यांनीच सांगितलं, माणसाला पेसादा म्हणतात ते वजनाने नव्हे. डोक्याला ताप झालेल्या माणसाला म्हणतात.

काल जेवताना लुसिया यशला हसत विचारत होती, ही पेसादा अजून किती वर्षं काढणार. तो म्हणाला, बोल बिनधास्त, तिला कुठे कळतंय. मग मीच स्पॅनिशमध्ये सांगितलं की मला सगळं कळतं, आणि इतके दिवस जेवू घातलंत त्याबद्दल आभार. एक क्रियापद चुकलं नाही. अवनीने तर टाळ्या वाजवल्या.

यशने माफी मागितली नाही. म्हणाला, आई, उच्चार सुंदर झालेत, पण आता आम्हाला आमच्याच घरात मोकळं बोलायची सोय राहिली नाही. माझा इथे राहायचा पास मेअखेर संपतो, तो आता वाढवणार नाही म्हणाला. फार रडले रे.

मी तुझ्याकडे येते. निदान तिथे आपली माणसं आणि आपली भाषा.

तुझीच,
कुमुद

सांगली
१८ एप्रिल २०२५

चि. कुमुदला अ. उ. आ.

वाचून वाईट वाटलं. हे घर तुझंच आहे, त्यात विचारायचं काय? फक्त स्मिताचे गुडघे धरलेत, आणि आमच्या रोहनला मागच्या खोलीत ऑफिस थाटायचंय. शिवाय उन्हाळ्यात इथे पाण्याची ओढ, तुला सोसायचं नाही. तेव्हा घाई करू नकोस. कधीतरी सवडीने ये, चार दिवस राहा, आम्हाला आनंदच होईल. पुण्यात हल्ली वृद्धाश्रम फार चांगले निघालेत म्हणे. तोवर मुलाशी जमवून घे.

आमचा लोभ आहेच, तो तू जाणतेस.
चारुदत्त

मरीन परेड
२ मे २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मराठी मला पहिल्यापासून चांगली येते.

कुमुद