पाचवी वेळ

अल हिलाल, दोहा
१४ फेब्रुवारी २०२५

ती. शफा आपास, अमिनाचा सलाम वि. वि.

हाफिजभाई शनिवारी चिपळूणला निघालेत. त्यांच्या बॅगेत खजुरांच्या डब्याखाली हे पत्र असेल. फोनवर बोलले असते, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि स्पीकरभोवती अख्खं सावर्डे. परवा तू जे विचारलंस ते अम्मीने, आपल्या उसामाभाईंनी आणि बहुधा दारात उभ्या मासेवालीनेही ऐकलं. म्हणून कागद.

अमरावतीच्या संस्थेने दत्तकासाठी दाखवलेल्या मुलाला आम्ही होकार कळवला, हे तुला माहीत आहे. संस्थेत त्याला पियूष म्हणतात. जन्मतारीख २ जुलै २०२३. वजन वयाच्या मानाने कमी, बाकी तपासण्या ठीक. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, बाजूला उभ्या असलेल्या कुणाच्या तरी चपलेकडे बघतो. रेहान तो फोटो ऑफिसात सगळ्यांना दाखवत सुटलाय. मी नाही दाखवत. ना-हरकत पत्र, आदेश, पासपोर्ट, इथला व्हिसा, सगळं व्हायचं आहे. मेसईदला आमच्या प्लांटमध्ये गेज तपासल्याशिवाय लाइनमध्ये वाफ सोडत नाहीत. तशीच मी आहे, असं समज.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. रेहानच्या अम्मीने मला गेल्या महिन्यात विचारलं की मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की तू स्वतःच्या घरात त्याच्यासमोर ओढणी सावरत बसणार का? बोलणं टोचलं, पण चूक नव्हतं. दोन वर्षांच्या आत त्याने माझं दूध प्यायलं नाही, तर वयात आल्यावर दीन-धर्माच्या हिशेबाने तो मला परका. आपल्या शाफई लोकांत पाच वेळा प्यायला हवं. त्यावर तू स्पीकरवर ओरडून सांगितलंस की तुझ्या तान्ह्या इनायाच्या वाटणीतलं उरतंय, मीच पाजते, घरातलं दूध घरात.

आपा, तू पाजलंस की दुधाची आई तू होशील. मी त्याची खाला, नुसती मावशी. परकी राहणार नाही हे खरं, पण खाला मी तुझ्या तिघांची आहेच. मला याची खाला व्हायचं नाही.

इथल्या डॉक्टरीणबाईंनी मला गोळ्या आणि पंप दिलाय. जानेवारीपासून करते आहे. मूल झालं नसलं तरी दूध येऊ शकतं, कमी येतं. काल चमच्याचा तळ ओला झाला. जुलैपर्यंत वेळ आहे. हे रेहानशिवाय कुणाला माहीत नाही, अम्मीलाही नाही.

इनायाचा पापा घे. लोभ असू दे, फक्त तो स्पीकरवर नको.

तुझी,
अमिना

*

सावर्डे
२ मार्च २०२५

चि. अमिना हिस, शफाचे अ. आ. आणि पुष्कळ दुआ.

आज पहिला रोजा. इफ्तारीची भजी अम्मी तळते आहे आणि मी तुला पत्र लिहिते आहे, म्हणून शिव्या खाते आहे. शेजारचा सैफ मंगळवारी दोह्याला परत येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र, कोकमं आणि तुझ्या नवऱ्यासाठी सुका जवळा देते. वासाबद्दल सैफची माफी तूच माग.

तुझं पत्र मी न्हाणीघरात जाऊन वाचलं. म्हणजे बघ किती गुप्त. मग थोडी रडले आणि मग राग आला. मी काय तुझं पोर हिसकावून घेणार होते गो? दूध दिलं म्हणजे मला त्याच्या शाळेची फी भरायची होती का? लहानपणी तू तुझी पेन्सिल मला कधी दिली नाहीस, टोक मोडेल म्हणून. तशीच राहिलीस.

पण आता नीट ऐक. तू इंजिनिअर, मी बारावी, तरी तुझा हिशेब चुकलाय. मी अम्मीला फक्त एवढंच विचारलं की तेवीस सालची बकरी ईद कधी होती. (का ते सांगितलं नाही, घाबरू नकोस.) तिने लगेच सांगितलं, जूनच्या अखेरीस, कारण त्या ईदला उसामाने आणलेला बकरा दावं तोडून पाटलांच्या परड्यात गेला होता आणि वर पाऊस कोसळत होता. म्हणजे तुझं पोरगं ईदनंतर तीन-चार दिवसांत जन्मलं. दोन वर्षं चांदाची धरायची असतात, कॅलेंडरची नाही. ती यंदाच्या बकरी ईदच्या आठवड्यातच पुरी होतात. जून लागला की लागला. जुलै विसर.

मशिदीतल्या मौलानांनाही मी विचारून घेतलं, कुणासाठी ते न सांगता. ते म्हणाले, किती प्यायला ते बघत नाहीत. मुलाने आपणहून तोंड बाजूला केलं की एक वेळ झाली. अंगावर प्यायलं काय, काढून बोंडल्याने दिलं काय, चालतं. तेव्हा तुझ्या चमच्याला इतकं हिणवू नकोस.

तरी माझं म्हणणं कायम आहे. मी इथे आहे, दूध आहे. हट्ट सोडायचा तर सोड, नाहीतर धर. मात्र रमजानात माझ्याशी भांडू नकोस, रोजा मकरूह होतो.

तुझी वाट बघणारी,
आपा

*

अल हिलाल, दोहा
१९ मार्च २०२५

ती. आपास सलाम वि. वि.

जवळा पोचला. सैफ दोन दिवस आमच्याशी बोलला नाही.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी तीनदा तपासलं. प्लांटमध्ये आम्ही एकच आकडा दोन साधनांनी मोजतो, नाहीतर चूक कळत नाही. ही चूक मला घरातल्या कुणाला तरी विचारलं असतं तर जानेवारीतच कळली असती. मी विचारलं नाही. आणखी एक गंमत, ती २ जुलै तारीखही डॉक्टरांनी मुलाचे दात बघून लिहिलेली आहे. अंदाजाच्या आकड्यावर मी इतकी काटेकोर बसले होते.

पेन्सिलबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

ना-हरकत पत्र आलं. ३ एप्रिलची तिकिटं काढली आहेत. दोहा-मुंबई आणि पुढे अमरावती. अमरावती मी कधी पाहिलेलं नाही. कतारला येताना एवढं परकं वाटलं नव्हतं, जेवढं आता त्या गावाचं नाव तिकिटावर वाचताना वाटतं. रेहान आठ दिवसांनी परतेल. मी रजा घेतली आहे. कागद होईपर्यंत पियूषला घेऊन तुझ्याकडे सावर्ड्याला राहीन.

दूध वाढलंय म्हणावं तर वाढलंय, नाही म्हणावं तर नाही. मेसईदच्या बसमध्ये मला डुलकी लागत नाही हल्ली. मनात एकच फिरत राहतं, की तो माझ्याकडे बघेल का, की माझ्या चपलेकडे बघेल. रेहान म्हणतो, यल्ला, चप्पल तरी चांगली घाल. त्याने मुलासाठी पलंग आणून ठेवलाय. मी त्या खोलीचं दार बंद ठेवते.

मी प्रयत्न करणार. नाही जमलं तर तू पाज. हे वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला, तेव्हा त्याची चेष्टा नको.

अम्मीला सलाम. लोभ होताच, तो आता लागणार आहे.

तुझी,
अमिना

*

सावर्डे
२२ मे २०२५

चि. अमिना हिस आपाचे अ. आ. आणि दुआ.

तुम्ही दोघं जाऊन आज चौथा दिवस. इनाया पाळण्याजवळ त्याला शोधते. अम्मी म्हणते, तुम्ही त्याचं नाव राहिल ठेवलं तरी तो पियूषलाच ओ देतो, तर आपण कशाला भांडायचं. हाफिजभाई परत निघालेत, म्हणून घाईने लिहिते. हे पत्र बसून वाच.

आधी तुझ्या बॅगेतली ती वस्तू. तू पंप माझ्या कपाटात गाद्यांमागे कोंबून ठेवलास आणि मला म्हणालीस, खलास, नको त्याची आठवण. मी तो पुसून तुझ्या बॅगेत तळाला ठेवलाय. बरोबर आपलं जुनं चांदीचं बोंडलं आहे, मी आणि तू दोघी त्यातून प्यायलो.

पोरगं आलं तेव्हा तुझ्याकडे येईना. तू त्याला काचेचं सामान धरावं तसं धरायचीस, तोही तसाच ताठ. माझ्या अंगाला दुधाचा वास, तो थेट माझ्या पदराखाली. एकीकडे इनाया, एकीकडे हा. तू म्हणालीस, पाच झाले की सांग, आणि मागच्या पडवीत निघून गेलीस. एकदाही बघायला आली नाहीस. नंतर विचारलंस, झालं का, मी म्हटलं झालं. तू, जी मसाला वजन केल्याशिवाय आमटीत टाकत नाही, तिने किती ते विचारलं नाही.

चार झाले होते, अमिना. पाचवी वेळ मी दिली नाही.

शिव्या घालण्याआधी ऐक. चौथ्या दिवशी तो अंगणात पडला, ओठ फुटला, केवढ्यांदा रडला. तू नळाशी उभी होतीस. तुझा कुर्ता पुढून ओला झाला. मी बघितलं, तर म्हणालीस, नळाचं पाणी उडालं. त्या दिवशी नळाला पाणी आलंच नव्हतं गो.

तुला पान्हा येतो. आकडा किती ते मला माहीत नाही, पण येतो. पाचवी वेळ देऊन मी तुला खाला केली असती आणि तू आयुष्यभर शुक्रन म्हणून गप्प बसली असतीस. तुझ्या हातात ईदपर्यंतचे दिवस आहेत. नाहीच जमलं तर तसं कळव, मी इनायाला घेऊन विमानात बसते, व्हिसाचं उसामा बघेल. पण आधी तू.

माझ्यावर रागाव. बोलणं मात्र टाकू नकोस.

आपा

*

अल हिलाल, दोहा
९ जून २०२५

ती. आपास सलाम वि. वि., ईद मुबारक.

तुझं पत्र वाचून मी आठवडाभर फोन केला नाही. तू मला खोटं सांगितलंस. एखाद्या टेक्निशियनने तपासल्याशिवाय तपासलं असं सांगितलं, तर मी त्याला दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये येऊ देत नाही. हे एकदा लिहायचं होतं, लिहिलं.

आता पुढचं. पंप पुन्हा सुरू केला. बोंडल्यात घालून दिलं तर त्याने बोंडलं भिंतीवर मारलं. त्याला पोचा आलाय, अम्मीला सांगू नकोस. वाटीने दिलं, वाटी माझ्या डोक्यावर. रेहान हसला, मी नाही. ईद जवळ येत होती आणि मी रात्री उठून त्याच्या पलंगाशी उभी राहायचे, आणि तुला तिकीट काढायला सांगावं का, हेच डोक्यात.

मग एका दुपारी बसमधून उतरून घरी आले. बाहेर डांबर चिकटत होतं. कपडेही बदलले नव्हते, हेल्मेटचा वळ कपाळावर होता. तो रेहानच्या मांडीवरून उतरला आणि माझ्या चपलांपर्यंत आला. थोडा वेळ चपलांकडे बघितलं. मग वर बघितलं. मी सोफ्यावर बसले तर चढून आला आणि स्वतःच माझ्या कुर्त्याची बटणं ओढायला लागला. मी त्याला हे शिकवलेलं नाही, आपा. हे तू चार वेळांत शिकवलंस. संस्थेत बाटलीवर वाढलेल्या मुलाला नाहीतर कुठून कळणार?

किती आलं ते मोजायला काही साधन नव्हतं. त्याने आपणहून तोंड बाजूला केलं आणि झोपला. ती एक.

दुसरी, तिसरी मी मोजली. त्यानंतर मोजायचं राहिलं. आता तो सकाळी मी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर येतो, शुक्रवारी तर येताजाता. ईदच्या दिवशी रेहानने विचारलं, पाच झाले का? मी म्हटलं, पाच कधीच मागे गेले, पण पाचवी कुठली होती ते सांगता येणार नाही. त्यावर तो म्हणाला, एक रीडिंग चुकलं तर तीन मेल पाठवणारी बाई ती हीच का? रेहानच्या अम्मीलाही कळवलं. फोनवर त्यांचा नाक ओढल्याचा आवाज आला.

चांदाच्या हिशेबाने मुदत उद्या संपते. त्याला कुणी सांगितलेलं नाही, मीही सांगणार नाही.

पेन्सिल मी तुला द्यायला हवी होती.

शुक्रवारी जुम्म्यानंतर फोन करेन. तो एक शब्द शिकलाय, तुझा फोटो दाखवला की म्हणतो, खाला. फोन स्पीकरवर ठेव. सगळं सावर्डे ऐकू दे.

तुझी,
अमिना