समोरच्याचं पान

आबा, तुम्ही गेलात तेव्हा मला मिसरूड फुटत होती. आज माझा मुलगा पलटणीत आहे आणि सीमेवर लढाई जुंपली आहे. नगरकडून मिरजगावला येणाऱ्या एस्टीतून टपालाची थैली उतरते, ती उघडेपर्यंत मी पोस्टाच्या पायरीवर बसून असतो. त्याचं अजून काही आलेलं नाही.

बसऱ्याकडच्या लढाईची तुम्ही एकच गोष्ट सांगायचात. वाळूचं वादळ निवळलं आणि हाकेच्या अंतरावर एक तुर्की शिपाई उभा. नेम आधी त्याने धरला, पण बंदुकीत वाळू जाऊन त्याचा गोळी भरायचा खटका अडला. तुमचा अडला नाही, कारण वादळभर तुम्ही खटक्यावर चिंधी गुंडाळून ठेवली होती. पुढे दर सर्वपित्रीला आजोबांच्या पानाशेजारी तुम्ही त्या शिपायाचंही पान मांडायचात. आई चिडायची. "त्यांच्यात कावळा चालतो का न्हाई, मला ठाव न्हाई," तुम्ही म्हणायचात, "पर माझ्यापायी त्यो उपाशी नसावा." तुमच्यामागे ते पान मी मांडत आलो.

यंदा सर्वपित्रीला पोरगा सुटीवर घरी होता. ओसरीवर मी पानं वाढतो आहे आणि तो त्या पानाकडे बघतो आहे. "दादा, आजोबाला दर गोळीला खटका मागं ओढावा लागायचा. आमची रायफल आपली आपनच भरती, नुसता चाप दाबत ऱ्हायचा." मग हसून म्हणाला, "मला किती पानं मांडावी लागत्याल?"

"गप रं! पितरांच्या म्होरं असलं बोलत्यात व्हय?" त्याची आई ओरडली. तो जेवायला बसला. निघताना मी त्याच्या हातात तुमच्या जुन्या धोतराची धुतलेली चिंधी दिली. "लई वंगन असतंय आमच्याकडं," म्हणाला, पण खिशात घातली.

आता रोज देवापुढे उभा राहतो. पोराची बंदूक अडू नये, एवढंच मागायचं असतं. तोंडातून निघतं ते, "समोरच्याची अडू दे." त्याचाही बाप कुठेतरी असाच पायरीवर बसला असेल, हे मला कळतं. तरी रोज तेच निघतं.

हे पत्र टपालात पडायचं नाही, देव्हाऱ्यामागे ठेवतो. एक सांगायचं राहिलं. काल ओसरी झाडताना, त्या शिपायाच्या पानाच्या जागेपलीकडे आणखी किती पानं मावतील, ते मी पाहून ठेवलं.