‘जातो’ म्हणून गेलेली आनंदा

श्री. तानबाभाऊ यांना रूपरावचा रोहण्याहून नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचे गुडघे आणि वहिनींचा खोकला आटोक्यात असावा. तुमची बहीण आनंदा परवाच जामला पोचली असेल. रोहण्याहून आर्वी, आर्वीहून वर्धा, मग जाम, तीन एसट्या बदलत ती एकटी येते. मी आर्वीच्या डेपोत पाटी वाचेपर्यंत गाडी सुटलेली असते. पत्राला खास कारण असं नाही. (फोन केला असता, पण तुमच्याकडचा फोन आनंदाच उचलणार.)

झालं असं की सोमवारी मयुरी नावाची कॉलेजातली मुलगी फॉर्म घेऊन आली. बायकांचं बरं चाललंय की नाही, हे म्हणे त्या कुठे कुठे जातात त्यावरून मोजतात. बाजार, दवाखाना, माहेर, आणि प्रत्येकापुढे दोनच चौकटी: विचारून जाते, न विचारता जाते. आनंदा म्हणाली, "मी तं सांगून जातो." मयुरीचं पेन थांबलं. सांगणं म्हणजे विचारणंच ना, असं तिने चाचरत विचारलं. आनंदाने समजावलं, "दारातून ‘येतो’ म्हणतो. हे ‘हो’ म्हणतेत तवरीक मी फाट्यावर राह्यतो." (खरं आहे. माझा ‘हो’ बहुतेक कुत्र्यालाच ऐकू जातो.) पोरीने खुशीत तिसरी चौकट हाताने आखली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आपल्याही नावापुढे एखादी चांगली खूण व्हावी म्हणून खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, "लिहून घे बाई, मी हिले कुठंई जाऊ देतो." आनंदाने चहाचे कप उचलले. दुसऱ्या दिवशी पिशवी भरली आणि दारातून म्हणाली, "जातो."

भाऊ, बावीस वर्षांत या घरातून ‘जातो’ म्हणून कोणी निघालं नव्हतं. माझा ‘हो’ तोंडातच राहिला. शेजारच्या प्रमिलाबाईंना विंचू चावला तेव्हा त्यांना आर्वीला दवाखान्यात नेलं ते आनंदाने, मी तेव्हा चप्पल शोधत होतो. अशा बाईला मी काय जाऊ देणार? मला तिचा फार अभिमान आहे, आणि फार चुकल्यासारखं झालंय.

तिला हवं तितकं राहू द्या. घाई नाही.

तुमचा,
रूपराव

ता. क. घाई नाही हे वर लिहिलंय, ते खरं धरू नका.

आणखी एक. मी जामला येऊ का, एवढं तिला विचारा. हो म्हणाली, तर वर्ध्याला कोणत्या गाडीत बसायचं तेही तिलाच विचारून कळवा.