पाठीवरची चेन

शनिवार, ६ एप्रिल. सकाळी ६.१०

भिंगरी झोपली आहे. झोपेतच तिची मापं घेतो आहे. जागी असली की टेप ओढते, गुदगुल्या होतात म्हणते. छाती साडेबावीस. कंबर एकवीस. खांद्यापासून खालपर्यंतचं माप दोनदा घेतलं, कारण ते चुकलं तर कॉस्च्युम खांद्यात काचतो.

उद्या तिचा पोहण्याचा पहिला वर्ग. पाच वर्षांच्या आतली आठ मुलं, दर रविवारी एक तास. हट्ट तिचाच. जाळीतून पाणी बघून आली आणि चार दिवस दुसरं बोलेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी

घेतला! निळा, पूर्ण बाह्यांचा, पाठीवर चेन. दुकानात उलटा करून सगळी शिवण पाहिली. टाके बारीक, एकही दोरा सुटलेला नाही, काखेत दुहेरी शिलाई. मी शर्टांच्या कारखान्यात तपासनीस आहे, दिवसाला चारशे शर्ट या हातांखालून जातात. असं काम क्वचित दिसतं. दुकानदार कंटाळला — "अहो, पोरीला पोहायला न्यायचंय की परीक्षेला बसवायचंय?"

महाग पडला. पण या बाबतीत कोणी बोट दाखवायला नको.

रविवार, ७ एप्रिल

लिहायचं मन नाही. तरी लिहितो.

कॉस्च्युम घरूनच घालून नेला होता. पंधरा मिनिटं छान गेली. मग तिला शू लागली, ती पाण्यातून निघाली आणि बायकांच्या खोलीकडे पळाली. पुरुषांनी जाळीच्या पुढे जायचं नाही, तशी पाटीच आहे. मी जाळीशी उभा.

चेन पाठीवर. तिचा हात पोचत नाही. आत फरशी पुसणाऱ्या मावशी होत्या. मी जाळीतून हाक मारली, जरा चेन काढता का. "अहो दादा, मी फरशी पुसू की चाळीस पोरांच्या चेनी काढत बसू?" म्हणत का होईना, गेल्या बिचाऱ्या. पण उशीर झाला होता. दारातच झालं. मुलं हसली. एकजण ओरडला, "गळका नळ!"

ती पुन्हा पाण्यात गेली नाही. बाकडावर टॉवेल घेऊन बसली, माझ्याकडे पाठ करून.

मी शिवण तपासली. चेन कोण उघडणार, हे नाही तपासलं.

संध्याकाळी सासूबाईंचा नेहमीचा फोन. भिंगरीची आई गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. मी काही सांगणार नव्हतो. भिंगरीनंच सांगितलं. मग फोन माझ्याकडे.

"जावईबापू, पोरगी म्हणजे शर्ट नव्हे."

"हो आई."

"बाईमाणूस नाही घरात. आज हे झालं. उद्या ती मोठी होईल तेव्हा काय कराल? शाळा उघडायच्या आत इकडे आणून सोडा. महिनाअखेर सांगा मला."

मी "बघतो" म्हणालो. असं म्हणायला नको होतं.

सोमवार, ८ एप्रिल

दोन सदोष शर्ट माझ्या हातून पुढे गेले. पहिल्यांदाच. पर्यवेक्षकानं ते परत माझ्या टेबलावर आणून ठेवले.

शनिवार, १३ एप्रिल

दुसरा घेतला. निळाच, पण बिनचेनीचा, रुंद पट्ट्यांचा. पट्टे खांद्यावरून उतरवले की झालं. घरी तीनदा घालून-काढून पाहिला, तिनं स्वतः. जमलं. मापाचं लेबल मानेला टोचत होतं, ते ब्लेडनं टाका-टाका उसवून काढलं.

दुकानदार म्हणाला, "आता कितवा?" अर्धेच पैसे दिले. उरलेले पगार झाल्यावर.

रविवार, १४ एप्रिल

सकाळपासून पाणी प्यायली नाही. दूध नको. फळ नको. मला वाटलं, पोट बिघडलं असेल. बसमध्ये कानात म्हणाली, "बाबा, मी काही प्यायलेच नाही, म्हणजे मला लागणारच नाही." ओठ कोरडे पडले होते.

तरी लागली. थंड पाण्यात लागतेच.

कोरडा कॉस्च्युम उतरतो. ओला उतरतो, पण पुन्हा चढत नाही! अंगाला चिकटतो, गुंडाळी होते. घरी मी कोरडाच घालून पाहिला होता. आतून हाक आली — "बाबा!" मग आणखी एक. मी जाळी धरून उभा. मावशी आज नव्हत्या. शिकवणाऱ्या बाई पाण्यात, सात मुलं त्यांच्या अंगाला लोंबकळलेली. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या आजीला म्हणालो, कृपा करून आत जाता का. त्या गेल्या. तोवर मी तिच्या हाका मोजत होतो. नऊ.

सासूबाई असत्या तर पहिल्याच हाकेला आत गेल्या असत्या. हे खोटं म्हणता येत नाही.

निघताना शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आणि ते निळं बदला हो. पाण्याखाली निळं दिसतच नाही मला. लाल, केशरी, काहीतरी भडक घाला." म्हणजे एवढ्या तपासणीत रंगही चुकला. निळ्यावर निळा.

फोनवर सासूबाईंना "ठीक चाललंय" म्हणालो. त्या म्हणाल्या, "आवाजावरून तर वाटत नाही."

सोमवार, १५ एप्रिल

जेवणाच्या सुट्टीत काजे करणाऱ्या ताईंना सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचंच होतं. त्यांनी तीन पोरं वाढवली आहेत. हसू आवरेना त्यांना.

"अरे, शिवण कसली बघतोस? दोन तुकड्यांचं घे. वर बनियनसारखं, खाली चड्डी. खाली ओढली, वर ओढली, झालं. आणि ओलं करून बघ घरी. आणि काय रे, तिला विचारलंस का एकदा तरी?"

नाही विचारलं. मापं तर झोपेत घेतली होती.

गुरुवार, १८ एप्रिल

कामावरून अर्धा दिवस सुट्टी. दुकानात आज तिलाच पुढे केलं. मी हाताची घडी घालून उभा राहिलो. फार जड गेलं. तिनं उचललेल्या केशरी जोडीची शिवण मध्यम आहे. बाहीपाशी एक दोरा लोंबतो आहे. गप्प बसलो.

घरी न्हाणीघरात बादल्यांनी टब भरला. ती कपड्यांसकट टबात बसली. मी दाराबाहेर घड्याळ घेऊन. "चल, लागली!" म्हणायचं, की तिनं उठायचं, चड्डी खाली, चड्डी वर, "झालं!" ओरडायचं. पहिल्यांदा दोन मिनिटं दहा सेकंद. चड्डीला नाडी होती आणि ओली गाठ सुटेना. नाडी काढून टाकली, कारखान्यातून आणलेलं चपटं इलॅस्टिक ओवलं. सैलही नाही, काचतही नाही. आता चाळीस सेकंद. मग बत्तीस. मग ती घड्याळाशी शर्यत लावून एकोणतीसवर आली आणि टबातलं अर्धं पाणी बाहेर.

खेळ झाल्यावर दोन पेले पाणी प्यायली. मी सांगितलं नव्हतं.

फरशी पुसताना गुडघ्यावर बसलो, तो बराच वेळ उठलोच नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

पर्यवेक्षकानं अर्ध्या दिवसाच्या बदल्यात आज दोन पाळ्या लावल्या. भिंगरी शेजाऱ्यांकडे.

रविवार, २१ एप्रिल

हे नीट क्रमानं लिहितो, कारण मला स्वतःला नीट कळलेलं नाही.

सकाळी १०.०० ला वर्ग सुरू. केशरी ठिपका लांबूनही दिसत होता. १०.१५ ला ती पाण्यात होती. १०.२० ला बाई तिचे दोन्ही हात धरून मागे सरत होत्या आणि ही पाय आपटत होती. एवढं मी पाहिलं.

त्यानंतर मला रखवालदारानं हलवलं तेव्हा ११.३५ झाले होते.

जाळीला टेकून उभ्याउभ्याच डोळा लागला आणि मग खाली बसलो असणार. जाळीचे चौकोन गालावर उमटले होते. तलाव रिकामा. ओरडणार तेवढ्यात रखवालदार म्हणाला, "ओ, ओ, शेजारी बघा."

ती शेजारी बसली होती. कोरड्या कपड्यांत. केस वेडेवाकडे, पण विंचरलेले. ओले कपडे टॉवेलात गुंडाळून मांडीवर. बटणं एक घर खाली लागली होती.

"कधीची बसली आहे," तो म्हणाला. "मी तुम्हाला उठवायला आलो, तर मला म्हणते, काका हळू बोला, बाबा झोपलेत."

तिला विचारलं, आत लागली होती का? हो. मग? "गेले ना." मला का उठवलं नाहीस? त्यावर तिनं मला जे उत्तर दिलं ते असं — "तू उठलास की परत उभा राहतोस."

दोन आठवडे मी तिच्यासाठी जाळी धरून उभा होतो. आणि आज सव्वा तास ती काहीही होऊ शकलं असतं अशा ठिकाणी होती, आणि मी झोपलो होतो. दोन्ही खरं आहे. बटणं मी नीट केली नाहीत. तशीच घरी आली.

सोमवार, २२ एप्रिल. दुपारी १.०५

सासूबाईंना मी फोन केला. सोमवारी, आणि मी, म्हणून त्या घाबरल्या.

म्हणालो, "आई, भिंगरी इथंच राहील. शाळाही इथलीच. पण रविवारी तुम्ही याल का?"

"कशाला? काल फोनवर तर म्हणत होती, आता सगळं माझं मी करते."

"तिच्यासाठी नाही. मला झोप हवी आहे."

त्या म्हणाल्या, "पहिली बस पाचला असते."

कॉस्च्युम तीन — ४८०, ३१०, ३५०. एकूण ११४०. इलॅस्टिक ताईंनी दिलं. देणं — दुकानदाराला १५५. सासूबाईंचं येण्याचं भाडं वेगळं काढून ठेवलं. जाण्याचं काढलं नाही.