केळशीचे प्राचीन शस्त्र

रत्नागिरी, माघ वद्य तृतीया, शके १८५५

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रदादा यांचे सेवेशी धोंडूचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा खोकला उतरला असेल. इकडे सर्वांच्या प्रकृती उत्तम. माझी तेवढी ठीक नाही, पण तो आजार वैद्याच्या आवाक्यातला नव्हे. तुमच्या मातोश्री, म्हणजे माझी आत्या, केळशीहून आगबोटीने आमच्याकडे आली त्याला महिना झाला, आणि त्यातूनच तो उद्भवला आहे.

इथे रत्नागिरीत नवे कलाभवन उघडले आहे. एका बाजूला बुरूड व सुतार लोकांसमोर बसून काम करतात, मधल्या दालनात जुन्या वस्तूंची काचेची कपाटे, आणि भोवती बाग. वस्तूंखालच्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम व्यवस्थापक रावजीसाहेबांनी मला दिले. (अक्षर माझे, विद्वत्ताही बरीचशी माझीच.) ते पसंत पडले तर शाळामास्तरकी सोडून तेथे कायम होण्याची आशा होती. म्हणून मोठ्या हौसेने गेल्या रविवारी आत्याला दाखवायला नेले.

बागेतच पहिली ठेच लागली. हिरवळीवर चालू नये अशी पाटी मी वाचून दाखवली, तर गाय नाही, म्हैस नाही, मग गवत कोणासाठी राखलंय, असे तिने माळ्याला विचारले. माळी अजून विचारात आहे.

आत गेलो. मधोमध, काचेबाहेर, माझी सर्वांत आवडती वस्तू होती: लाकडी ठोकळ्यात उभे रोवलेले अणकुचीदार लोखंडी पाते. आत्याला वाचता येत नाही, म्हणून मी चिठ्ठी मोठ्याने वाचली. (दालनात वीसेक माणसे होती, आवाज जरा मुद्दामच चढवला.) ‘प्राचीन युद्धशस्त्र. शत्रूचे घोडे अडविण्याकरिता. सापडल्याचे ठिकाण, केळशी.’

आत्या वाकली, पाहिले, आणि म्हणाली, “धोंड्या, केळशीत घोडा कधी आला होता रे? हा नारळ सोलायचा सुळा.”

मी हळूच तिला सांगितले की, या गोष्टी इतिहासाच्या असतात. ती तडक बाहेर गेली. फळे तोडू नयेत अशीही पाटी आहे, पण तिने तोडले नाही, माडाखाली पडलेला नारळ उचलून आणला. पदर खोचला आणि रावजीसाहेब धावत येईपर्यंत प्राचीन शस्त्रावर चार हिसक्यांत नारळ सोलून, उंबऱ्यावर फोडून, खोबऱ्याचे तुकडे मंडळींना वाटले. साहेबांच्या हातावरही एक ठेवला. नोकरी गेली असे समजून मी खांबाआड झालो.

साहेबांनी तुकडा सावकाश चावून संपवला. मग शेजारच्या कपाटाकडे बोट करून आदराने विचारले, “आणि हे काय असेल, बाई?” माझ्या चिठ्ठीप्रमाणे ते राजस्त्रीचे कर्णभूषण होते. आत्याच्या मते मासेमारीच्या जाळ्याला बांधायचे शिसे. पूजापात्रात कोंबड्या पाणी पीत असत, असेही निघाले. संध्याकाळपर्यंत माझ्या अकरा चिठ्ठ्या रद्द झाल्या.

आता रोज दहा वाजता तिच्यासाठी खुर्ची मांडली जाते. ती सांगते, मी लिहितो. परवा कायम झालो, पण गावात मला धोंडूमास्तर कोणी म्हणत नाही. आनंदीबाईंचा भाचा म्हणतात. तेव्हा विनंती अशी की, तिला काही दिवस मुंबईस बोलावून घ्यावे. तेथेही मोठे संग्रहालय आहे, म्हणतात.

आपला आज्ञाधारक,
धोंडू

ता. क. पाकीट चिकटवण्यापूर्वी आत्याने पत्र वाचायला लावले. घोड्यांचा भाग मी वाचताना गाळला, तो तिने विचारून वाचून घेतला. मुंबईस येणार नाही म्हणते. अजून सहा कपाटे राहिलीत.

आणखी एक ता. क. हे तिला वाचून दाखवलेले नाही. टपालवाल्याची वेळ झाली की ती ओटीवर येऊन उभी राहते. दसऱ्यापासून तुमचे पत्र नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मीच तुमच्या नावाने एक रचले आणि वाचून दाखवले. चांगले दोन पानी होते. तिने शेवटपर्यंत ऐकले, घडी करून कमरेला खोवले आणि म्हणाली, “बरं लिहिलंस हो, धोंड्या. पण हरी मला आई नाही म्हणत. आये म्हणतो.”

दादा, बोलावू नका तिला. चार ओळी लिहा. सुरुवात तेवढी बरोबर करा, पुढे काहीही चालेल.