गळक्या नळाखालची भेट

प्रिय ठमे,

तुझ्या मठातून परत येऊन आज आठवडा झाला. गुडघे अजून कुरकुरताहेत आणि तुझी आई अजून हसतेय.

खरं सांगतो, मी ध्यान करायला आलोच नव्हतो. भिक्षुणी होण्यासाठी आईवडिलांच्या संमतीचा जो कागद तू पाठवलास, तो दोन वर्षं मी घडीही न उघडता कपाटात दाबून ठेवला. तुला समजावून घरी आणायचं, एवढंच डोक्यात होतं. पण ध्यानाला बसायला शिकल्याशिवाय तुमच्याकडे मुक्कामाला घेत नाहीत म्हणे! मग काय, तीन महिने झेन ध्यानाच्या वर्गाला गेलो. घरी रोज वॉशिंग मशीनशेजारी भिंतीकडे तोंड करून बसायचो. श्वास मोजताना दहापर्यंत कधी पोचलो नाही, चारलाच डुलकी. आई म्हणायची, घोरण्याला नवं नाव मिळालं.

तुमच्याकडे मात्र नीट वागलो. चपला सरळ लावल्या, मोबाइल जमा केला, आसनाला वाकून नमस्कार केला, मौन पाळायचं म्हणून तुला हाकही मारली नाही. पण पहिल्याच बैठकीत बाहेरच्या बेसिनचा नळ ठिबकायला लागला. तीस वर्षं प्लंबर असलेल्या माणसाने ते ऐकत गप्प बसायचं म्हणजे छळच. पाचव्या मिनिटाला उठलोच. तुमच्या थोरल्या बाईंनी नुसतं आसनाकडे बोट दाखवलं. मुकाट बसलो. रागाने घामाघूम झालो. मग कधीतरी राग ओसरला, नळ चालूच होता.

कामाच्या तासाला त्यांनी मला पाना दिला आणि मदतीला तुला पाठवलं. बेसिनखाली मी आडवा, शेजारी तू टॉर्च धरून. मौन होतं खरं, पण हळूच 'घरी चल' म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? लहानपणी टॉर्च धरायला बसवलं की तुझे सतराशे साठ प्रश्न, आणि घटकाभरात पळ काढायचीस. त्या दिवशी तुझा हात जरासुद्धा हलला नाही. मान वळवून पाहिलं, तर तू माझ्याकडे बघून हसत होतीस. इतकं स्वस्थ मी तुला घरी कधी पाहिलं नव्हतं. मी पाना पुन्हा नळाला लावला, आणि 'घरी चल' राहूनच गेलं.

काल तो कागद काढला. त्यावर तुझ्या आईची सही आधीच होती, दोन वर्षांपूर्वीची तारीख घालून. मला एका शब्दाने बोलली नाही. तिच्या सहीखाली मी सही केली, कागद सोबत पाठवतोय. जरा वेडीवाकडी आलीय, चालवून घे. तुझी फार आठवण येते गं, येतच राहणार. तुझे केस उतरवतील त्या दिवशी आम्ही दोघं आलो तर चालेल का, तेवढं बाईंना विचारून कळव.

तुझाच,
बाबा