खाली अक्षरं येतील म्हणून

मिरजोळे, रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २०२५

चि. मनस्वी हिस,
तुळसाआत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पोस्टमन भिकाजी हल्ली पत्र देताना हसतो, पण हसू दे त्याला. तू विनोदच्या फोनवर लिहितेस ते तो मला दाखवतो खरं, पण दाखवतो म्हणजे डोळ्यांसमोरून फिरवतो. पत्र कसं, चार वेळा वाचता येतं आणि उशीखाली ठेवता येतं.

इकडे सगळे ठीक. विनोद जयगडच्या बंदरावर, कंपनीची बस नेते तेव्हा जातो, आणते तेव्हा येतो. सानवी इथेच एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात. सून म्हणून बोट ठेवायला जागा नाही, पण दोघंही थकून येतात, आणि बहिऱ्या बाईशी बोलायचं तर अंगात ताकद लागते. त्या तापात कान गेले तेव्हा विनोदने पाटी-पेन्सिल आणून दिली होती. चार दिवस हौसेने लिहिलं सगळ्यांनी. आता पाटीवर दुधाचा हिशेब असतो. लग्नाकार्याला जाणं मी सोडलंच. सगळे हसले की आपणही हसायचं, आणि घरी येऊन कशाला हसलो ते विचारलं की विनोद म्हणणार, काय नाय. एवढे दोन शब्द मात्र मला ओठांवरून नेमके कळतात.

म्हणून तर दिवाळीत तू टीव्हीवर ती कोरियाची मालिका लावून दिलीस आणि खाली तू लिहिलेली मराठी अक्षरं उमटली तेव्हा मी रडले. तुला वाटलं मालिका दुःखी आहे. अगो, कोण काय बोललं ते मला त्याच क्षणी कळत होतं, घरातल्या बाकीच्यांच्या बरोबरीने!

त्या लोकांची नावं काही माझ्या जिभेवर बसत नाहीत. बंदरावर जेवण विकणारी ती म्हातारी म्हणजे माझी खाणावळवाली, आणि तिला टाकून शहरात गेलेला थोरला तो बाबल्या. अकराव्या भागाच्या शेवटी एवढ्या वर्षांनी बाबल्या दारात येऊन उभा राहतो काय, तोंड उघडतो काय, आणि भाग संपतो! बारावा कधी लिहितेस? हवं तर नोकरी सोड.

आणखी एक. तिथेही पावशा असतो हे तुझ्यामुळे कळलं. खाणावळवाली मागच्या दारी एकटी बसली की खाली कंसात येतं, पावशा ओरडतो. वाचलं आणि मला तो ऐकूच आल्यासारखा झाला.

लोभ आहे तो तसाच ठेव, वाढवायला तुला वेळ कुठे आहे.

तुझी,
तुळसाआत्या


ठाणे
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मनस्वीचा शि. सा. न.

पावशाचं आधी कबूल करून टाकते. तिथे कुठलासा पक्षी ओरडत होता, त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. तू बघणार आहेस म्हटल्यावर दुसरा कुठला पक्षी लिहू? पावशा घातला.

खरं तर आवाज लिहायचेच नाहीत असा आमच्यात नियम आहे, फक्त बोललेलं लिहायचं. आम्ही कुणी पगारी नाही, आत्या. जगभरातले लोक आपापल्या भाषेत हे फुकट करतात, आवड म्हणून. आमच्या मराठी गटात नागपूरचा दर्शन वाक्यांच्या वेळा लावतो, मी इंग्रजीवरून मराठी करते, सोलापूरच्या एक बाई तपासतात. एकमेकांना आम्ही कधी पाहिलेलं नाही. आवाज का घुसवतेस म्हणून दर्शन रागावला, तेव्हा मी त्याला लिहिलं की मिरजोळ्याला माझी आत्या आहे, दार वाजलं हे तिला कळलं नाही तर बाई दाराकडे का धावली तेही कळत नाही. त्यानंतर तो गुपचूप आवाजांसाठी जागा सोडायला लागला. मागच्या आठवड्यात विचारत होता, आत्यांना समुद्राची गाज लिहायची का.

बारावा भाग अर्धा झालाय, शिमग्यापर्यंत पुरा करते. बाबल्या काय बोलतो ते आधी सांगणार नाही, विचारू नकोस.

विनोददादाला आणि वहिनीला नमस्कार. तुझी माया अशीच पाठीशी असू दे.

तुझी,
मनस्वी


मिरजोळे
२० मार्च २०२५

चि. मनस्वी हिस,
अ. उ. आ.

तुझी तब्येत बरी आहे ना? आधी ते कळव.

पालखी घरी येऊन गेली, पाहुणे पांगले, आणि काल मी हौसेने टीव्ही लावला. अक्षरं होती, पण मनस्वी, ती तुझी नव्हती, किंवा तू तापात लिहिली असशील. पोरगा दारात उभा आहे आणि आई त्याला विचारते, भोजन प्रक्रिया पूर्ण झाली आहे काय. अशी नोटीस तर ग्रामपंचायतही पाठवत नाही! पुढे बाबल्याच म्हणतो की मी तुमची कन्या आली आहे. मी तो तिथेच थांबवला आणि मागचे भाग उघडून पाहिले तर तिथेही तेच. पावशा गेला. दार वाजत नाही. खाणावळवाली मागच्या दारी नुसती बसलेली आहे.

विनोदला दाखवलं. त्याने रिमोटची बटणं दाबली, टीव्ही बंद करून चालू केला आणि खांदे उडवले. सानवीला वाटतं केबल सैल झाली असेल.

तू कुणाशी भांडलीस का? दर्शनशी भांडली असशील तर माझ्याकडून माफी माग त्याची, आवाज नकोत म्हणावं, नुसतं बोलणं पुरे.

पत्राची वाट बघते. माया आहेच, पण आता काळजीही आहे.

तुळसाआत्या


ठाणे
२९ मार्च २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे आणि कुणाशी भांडलेले नाही. भांडायला समोर माणूस तरी हवा.

मालिका दाखवणाऱ्या कंपनीने ठरवलं की यापुढे अक्षरं यंत्र लिहील. ज्या भाषांत बघणारे थोडे, त्यांतलं आमचं केलेलं सगळं एका दिवसात काढून टाकलं. आम्हाला आभाराचं पत्र आलं, त्यात पदकाचं चित्र. मी लिहिलं, दर्शनने लिहिलं, सोलापूरच्या बाईंनी तर कडक इंग्रजीत लिहिलं. तिघांनाही शब्दशः तेच उत्तर आलं, की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मला वाटतं तेही यंत्रच लिहितं. सह्या गोळा केल्या, पण त्या कुठे पाठवायच्या तो पत्ता कुणाला सापडेना. मी लिहिलं की एक बाई आहे, तिला ऐकू येत नाही, तिची मालिका अर्धी राहिली आहे. आपलं मत मोलाचं आहे. काय करू आत्या, आपण लिहिलेलं तिथेच राहणार असं समजून आम्ही कुणीच आपल्याजवळ काही ठेवलं नाही.

बारावा भाग मी पुन्हा केला आणि हाताने लिहून सोबत पाठवतेय. आवाजही घातलेत. मालिका लावून कागद समोर धर आणि वाचत जा. जमेल ना गं?

तुझी,
मनस्वी


मिरजोळे
२२ एप्रिल २०२५

चि. मनस्वी हिस,
अ. उ. आ.

कागद मिळाले. अक्षर सुंदर आहे, बापावर गेलीस.

पण जमत नाही, बाय. माझा वाचायचा चष्मा वेगळा आणि लांबचा वेगळा. वाचायचा लावून ओळ वाचावी, लांबचा लावून वर बघावं, तोवर तिसरंच कुणीतरी बोलत असतं. दोन्ही चष्मे एकावर एक लावून पाहिले, सानवी पोट धरून हसली, आणि ती कशाला हसते ते मला विचारावं लागलं नाही म्हणून मीही हसले.

मग तीच शेजारी बसली. यंत्राच्या अक्षरांवरून अंदाज घेऊन कागदावर बोट फिरवायची आणि मला कोपराने खुणावायची. छान चाललं होतं. पण पोर दिवसभर बर्फातल्या कोळंबीत हात घालून उभी असते. बाबल्या बोलायला लागला आणि तिचं बोट एका ओळीवर थांबलं. बघते तर माझ्या खांद्यावर झोपलेली. मी उठवलं नाही, टीव्ही तेवढा बंद केला. पुढे उरलेलं बघू म्हणून चार दिवसांनी लावायला गेले, तर मालिकाच नाही. सानवीने शोधलं, तिथे लिहून आलं की आपल्या भागात हा कार्यक्रम उपलब्ध नाही.

कागद वाचून काढले. बाबल्या माफी मागायला आला होता, ते कळलं. पण मागताना त्याचं तोंड कसं झालं होतं, ते बघायचं राहून गेलं.

आता उगाच पत्रं पाठवत बसू नकोस त्या लोकांना. जेवणखाण वेळेवर कर.

तुळसाआत्या


मिरजोळे
२५ मे २०२५

चि. मनस्वी हिस,
अ. उ. आ.

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. जरा विचित्र झालं.

परवा विनोद कामावरून आला तो जेवायला न बसता माझ्यासमोर येऊन बसला. सानवी अजून आली नव्हती. आणि बोलायला लागला. इतकं तो कुणाशी बोलत नाही. हात हलवून बोलला, मध्येच खाली बघून बोलला, त्याचे डोळे भरले. मी काय केलं असेल? त्याच्या छातीकडे बघत राहिले, खाली अक्षरं येतील म्हणून. खरंच सांगते, क्षणभर वाट बघितली.

मग भानावर आले, पाटी पुसून त्याच्यापुढे धरली. त्याने ती हातात घेतली, बाजूला ठेवली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, काय नाय.

कदाचित मला ऐकू येत नाही म्हणूनच बोलला असेल. नोकरीचं काही असेल का? तब्येतीचं? सानवीला विचारलं, तिला ठाऊक नाही, उलट तीच घाबरली. त्या बाबल्याचे शब्द मला मिळाले आणि तोंड राहिलं. माझ्या पोराचं तोंड मी बघितलं, शब्द राहिले.

तुझं तो ऐकतो. एकदा फोन करून विचार. आणि जे असेल ते लिही, गाळू नकोस. परक्या देशातल्या बाईचं दुःख तू मला एवढ्या निगुतीने लिहून दिलंस, हेही दे.

तुझ्यावर भार टाकते आहे, पण टाकायला दुसरं कोण आहे?

तुळसाआत्या


ठाणे
१ जून २०२५

ती. आत्यास,
मनस्वीचा शि. सा. न.

आज रविवार, दादाची सुट्टी, म्हणून सकाळी फोन केला. नोकरीचं विचारलं, तब्येतीचं विचारलं, शपथ घातली. तो म्हणाला, काय नाय. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मला दोन्ही कान आहेत आणि माझ्या पदरात तुझ्याएवढंच पडलं. मला फार रडू आलं, आत्या, रागही आला, पण त्याच्याही आवाजात रडू होतं म्हणून मी ताणलं नाही. तो फोन कानाला धरून नुसता उभा राहिला, मीही ठेवला नाही.

त्या वेळात तुझ्या घरातलं जे ऐकू आलं तेवढं लिहिते. दुसरं माझ्या हातात काही नाही.

(कुकरची शिट्टी.)
(सानवीवहिनी कपडे आपटते.)
(पावशा ओरडतो. या वेळी खराच.)
(विनोददादा नाक ओढतो.)
(आतून तुझा आवाज. तू विचारतेस, कुणाचा फोन रे.)
(कुणी उत्तर देत नाही.)
(तू पुन्हा विचारतेस.)
(कुणी उत्तर देत नाही.)

माझा होता, आत्या.

तुझीच,
मनस्वी